डेहरी

गेरुवा नदी नावेनं ओलांडते. सायकल आडवी, मी उभी.
पिशवीत अठ्ठावीस प्रश्नांचा फॉर्म
आणि नेपाळगंजच्या प्रशिक्षणात शिकवलेली शांतता :
समोरचं माणूस गप्प झालं की मनात वीस मोजायचे,
मध्ये बोलायचं नाही.

फुलरानीच्या अंगणात मी वीस मोजले.
मग दोनशे.
मग मोजणं सोडून कोंबड्या बघत बसले.

प्रश्न तिसरा. झोप लागते का?
ती म्हणाली, कुणाला?

प्रश्न सातवा. विवाहित, विधवा, परित्यक्ता.
तीन चौकटी. तिचं बोट तिन्हींवरून सरकत
कागदाच्या कडेला जाऊन थांबलं,
जिथं छापखान्यानं काहीच छापलं नव्हतं.
बांगड्या फोडाव्यात, तर जोखन उद्या दारात उभा राहील.
भराव्यात, तर सासू बघते.
सतरा वर्षं ती एका हातात घालते,
दुसरा पदराखाली.

चौथ्या खेपेला ती म्हणाली,
बोलायलाच आलीस ना? मग हात भिजव.

डेहरी म्हणजे आमच्या तराईतली मातीची कणगी,
माणसाच्या उंचीची, पोटाशी बुजवलेलं एक भोक.
आम्ही तिला लिंपत होतो. चिखल, भुसा, पुन्हा चिखल.
कोपरापर्यंत माती चढल्यावर ती बोलली,
माझ्याशी नाही, भिंतीशी :

तीन रात्री तो हिच्या आत होता.
भातात बसलेल्याला मी वरून भात देत होते.
एका रात्री हे आले, दुसऱ्या रात्री ते.
बूट दोघांचेही सारखेच वाजत होते.
चौथ्या पहाटे त्याला खोकला आला.
एवढंच. खोकला.
कुसं गेली घशात.
त्या साली मीच पाखडलं होतं,
घाईघाईत.

तुझी चूक नाही : हे वाक्य मला पाठ आहे,
नेपाळीत आणि थारूतही.
ते जिभेवर आलं आणि तिथंच
कच्च्या पिठासारखं चिकटून बसलं.
सतरा वर्षं जिनं एक सूप मनात हलवलं
तिला मी काय सांगणार, की थांब?

मी म्हणाले, कसं पाखडतात, दाखव.

शनिवारी सात जणी आपापली सुपं घेऊन आल्या.
सातही घरांतून कुणी ना कुणी नेलेलं,
लखनीकडे तर दोघांनी दोघांना.
म्हातारी बिपती पाखडण्यात गावात पहिली,
तिनं धान्य सात वेळा उडवलं, वाऱ्याकडे पाठ करून,
दाणा दाणा सोन्यासारखा.
मग ओंजळ भरून फुलरानीच्या नाकाशी धरली
आणि फुंकर मारली.

फुलरानी खोकली.
लखनी खोकली. मी खोकले.
बिपती स्वतःच इतकी खोकली की खाली बसली,
आणि कुणीतरी हसलं. कोण, ते कळलं नाही.
फुलरानी हातातल्या दाण्यांकडे बघत राहिली.
चांगलं पाखडलेलं, ती म्हणाली.
चांगलंच तर पाखडलंय.

पुढच्या शनिवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्याही.

कार्यालयात अहवाल मागतात.
सुधारणा : होय, नाही.
मी लिहिलं, डेहरीचं भोक उघडलं. आत उंदराची पिल्लं होती.
साहेब म्हणाले, हे कुठल्या रकान्यात घालायचं?

काल नदीला पाणी चढलं, नाव लागली नाही,
तिच्याकडेच मुक्काम पडला.
ताटात घोंघी, ढिकरी, मिरचीची चटणी.
दिवा विझवल्यावर अंधारातून तिनं विचारलं,
तुझं कोण होतं तेव्हा?

भाऊ, म्हणाले. वर्दीत.
कुठल्या वर्दीत, ते तिनं विचारलं नाही.

पत्र्यावर कसलंसं फळ पडलं, घरंगळलं.
ती मोजत होती की नाही, ठाऊक नाही.
पण मध्ये बोलली नाही.